सोलापूरचं ऊन, सोलापूरचं पाणी

(दृश्य: औज बंधारा, मग टाकळीचं पंपघर)

सोलापूरच्या नळाला येणारं पाणी लांबचा प्रवास करून येतं. उजनीची जलवाहिनी १०० किलोमीटरपेक्षा लांब आहे. दुसरी वाट भीमेची. धरणातून नदीत सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यात अडवतात, टाकळीहून उपसतात आणि सोरेगावच्या जलशुद्धीकरण केंद्रात आणतात. मोटरींचा हा आवाज ऐका. पाण्याच्या बिलात वीज किती असते, ते इथे उभं राहिलं की कळतं. १० लाख लिटर पाणी १०० मीटर उंच चढवायला निव्वळ २७२ युनिट लागतात. पंप आणि मोटर जे खातात ते धरलं, की आकडा ४०० च्या आसपास जातो.

एक किलोवॉटचं सौर पॅनेल आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतं. म्हणजे रोज एवढं पाणी चढवायचं, तर हे काम १०० किलोवॉटचं. जागा लागेल १०,००० चौरस फुटांच्या घरात.

(दृश्य: अक्कलकोट रोड एमआयडीसी; टॉवेल कारखान्याचं छप्पर)

इथे छपरावर पॅनेल आहेत आणि खाली रंगाचं पाणी. सकाळची बॅच लाल, दुपारची निळी, म्हणून आधी सगळं एका मोठ्या टाकीत मिसळतात. सुती कापडाच्या रंगाईचं पाणी अल्कधर्मी असतं. त्यात आम्ल घालून सामू (पीएच) खाली आणतात, मग तुरटी. थोड्या वेळात गढूळ पाण्यात कापसासारखे पुंजके धरू लागतात आणि तळाला बसतात.

पुढची टाकी जिवाणूंची. त्यांना हवा लागते आणि ती ब्लोअर देतो. अशा केंद्राच्या विजेतला निम्मा वाटा बऱ्याचदा हा ब्लोअरच घेतो. सौरऊर्जेचा खरा फायदा इथे आहे. रात्रपाळीचं पाणी टाकीत साठवायचं आणि उन्हं चढली की शुद्धीकरण जोरात चालवायचं. पाणी थांबू शकतं, म्हणून एवढ्या कामाला बॅटरी लागत नाही. जिवाणू मात्र थांबत नाहीत. त्यांच्यासाठी रात्री एक ब्लोअर महावितरणच्या विजेवर कमी वेगाने चालू ठेवतात.

(दृश्य: पहाटे पॅनेल धुताना)

ऑपरेटर उन्हं यायच्या आत धूळ धुतो. रंगाईचं शुद्ध केलेलं पाणी वापरलं तर काचेवर क्षाराचे पांढरे डाग पडतात, म्हणून आरओचं पाणी घेतात. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्यावर प्रत्येक अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर आणि पॅनेल ६० च्या पुढे, म्हणजे दुपारी दहा टक्क्यांहून जास्त वीज जाते. तरी उरते ती वीज थोडी नाही. छपरापासून वीतभर उंच बसवलेल्या या पॅनेलखालून वारा खेळतो, तेवढी ती कमी तापतात.

(दृश्य: गाळाचे वाफे)

तळाचा गाळ इथे उन्हातच वाळतो. वाळला की वजन आणि वाहतूक दोन्ही कमी होतं, पण रंगातली रसायनं तशीच राहतात. म्हणून तो पोत्यांत भरून घातक कचऱ्याच्या केंद्राकडे रवाना होतो.

महापालिकेच्या केंद्रांनाही छप्पर आहे, आवार आहे आणि वर हेच ऊन आहे. सुरुवात पंपघरापासून करावी.