अलिबाग : किल्ल्यापासून वेधशाळेपर्यंत

[दृश्य : सुकतीची वेळ. उघडी पडलेली ओली वाळू, तिच्यावरून निघालेल्या घोडागाड्या, समोर कुलाबा किल्ला.]

अलिबागच्या किनाऱ्यावरून समुद्र दिवसातून दोनदा मागे सरतो आणि गाव व किल्ला यांच्यामधली वाळू उघडी पडते. सुकतीच्या या काही तासांत चालत किंवा घोडागाडीतून कुलाबा किल्ल्यात जाता येते. भरती लागली की हीच वाट पाण्याखाली जाते आणि होडी शोधावी लागते. ही वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. कोकणच्या किनाऱ्यावर तिचा हिशेब तिथीवरून करण्याची जुनी रीत आहे : तिथीच्या आकड्याला 3 ने गुणून 4 ने भागले की भरतीची ढोबळ वेळ हाती येते. चतुर्थीला 3 वाजता पूर्ण भरती, अष्टमीला 6 वाजता, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण सुकती.

मुंबईहून येणारे बहुतेक पाहुणे मांडव्याला बोटीतून उतरतात, या वाळूवर येतात, किल्ला पाहतात, शहाळे पितात आणि परततात. किनाऱ्याला पाठ करून अर्धा तास चालले, तर जे अलिबाग भेटते ते त्यांच्या वाट्याला येत नाही. आमचा कॅमेरा त्या अलिबागकडे जाणार आहे. मात्र सुरुवात किल्ल्यापासूनच करावी लागते, कारण आंग्र्यांचा कारभार आधी या खडकावरून चालला आणि त्याच्या आसऱ्याने समोरच्या जमिनीवर गाव वाढले.

[दृश्य : महादरवाजा, कोरीव कामाचे जवळून चित्रण. नंतर समुद्राकडील तट.]

कुलाबा किल्ल्याचे बांधकाम छत्रपती शिवाजी महाराजांनी मार्च 1680 मध्ये सुरू केले. 3 एप्रिल 1680 रोजी महाराजांचे निधन झाले आणि छत्रपती संभाजी महाराजांनी पुढच्या वर्षी हे काम पूर्णत्वास नेले. महादरवाजा गावाच्या बाजूला आहे आणि त्यावर मोर, हत्ती यांसारखी शिल्पे कोरलेली आहेत. वाऱ्याने आणि खाऱ्या हवेने त्यांच्या कडा झिजल्या असल्या, तरी तिरप्या उन्हात ती अजून स्पष्ट दिसतात.

दरवाजापेक्षा अधिक वेळ द्यावा तो तटाला. येथे काळ्या दगडाचे प्रचंड चिरे एकावर एक नुसते रचलेले आहेत आणि त्यांच्या सांध्यांत चुना भरलेला नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे काम घाईचे किंवा अर्धवट वाटते. प्रत्यक्षात समुद्रात बांधायच्या भिंतीसाठी तो विचारपूर्वक केलेला उपाय होता. सांधे बुजवलेल्या सलग भिंतीवर लाट आदळली, तर तिचा सगळा जोर भिंतीच्या तोंडावर येतो. शिवाय फटीतून आत गेलेले पाणी मागे कोंडून राहते आणि आतून दगड बाहेर ढकलू लागते. कोरड्या रचाईत लाटेचे पाणी चिऱ्यांमधल्या मोकळ्या जागेत शिरते, तेथल्या तेथे त्याचा जोर मोडतो आणि लाट मागे फिरताना ते आल्या वाटेने बाहेर पडते. चिरे जागेवर राहतात ते स्वतःच्या वजनावर, म्हणून ते एवढे मोठे निवडले गेले. पायथ्याशी उभे राहून लाट आत जाताना आणि बाहेर येताना ऐकली, तर वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. 340 हून अधिक पावसाळे या रचाईने असेच काढले आहेत.

[दृश्य : गोड्या पाण्याचे तळे, सिद्धिविनायक मंदिर, त्यानंतर चाकांच्या गाड्यांवरील दोन तोफा.]

चारी बाजूंनी खारे पाणी असलेल्या या किल्ल्यात गोड्या पाण्याचे पायऱ्यांचे तळे आहे. त्याला लागून असलेले सिद्धिविनायकाचे मंदिर राघोजी आंग्रे यांनी 1759 मध्ये बांधले. हे गणेशपंचायतन असून गणपतीबरोबर शिव, विष्णू, सूर्य आणि देवी यांची येथे पूजा होते. गावातील माणसे अजूनही सुकतीची वेळ पाहून दर्शनाला येतात.

तटावरच्या दोन तोफांजवळ मात्र दिवसभर छायाचित्रे काढणाऱ्यांची रांग असते आणि त्या कान्होजी आंग्रे यांच्या तोफा आहेत, असे एकमेकांना सांगितले जाते. तोफांवरची अक्षरे वाचण्याची तसदी घेतली, तर त्या इंग्लंडच्या यॉर्कशायरमधील लो मूर येथील लोखंडाच्या कारखान्यात ओतल्याचे कळते. तो कारखाना 1791 मध्ये सुरू झाला आणि कान्होजींचे निधन 1729 मध्ये झाले होते. कान्होजींच्या पराक्रमाला या तोफांच्या साक्षीची गरजही नाही. 1713 मध्ये त्यांना छत्रपती शाहू महाराजांकडून सरखेलपद, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, मिळाले आणि 1721 मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन कुलाब्यावर केलेली स्वारी त्यांच्या आरमारापुढे आणि या किल्ल्यापुढे निष्फळ ठरली.

[दृश्य : हिराकोट तळे. काठावरून दिसणारी काळी तटबंदी.]

किनाऱ्यावरून गावात शिरले की तळ्याकाठी हिराकोट दिसतो. समुद्रातील किल्ल्याला जमिनीवरचा जोड हवा म्हणून कान्होजींनी हा भुईकोट 1720 मध्ये उभारला. 1840 मध्ये आंग्र्यांचे संस्थान ईस्ट इंडिया कंपनीने खालसा केले, त्यानंतर हिराकोटाचा तुरुंग झाला आणि आजही तेथे कारागृहच आहे. त्यामुळे त्याचे दर्शन बाहेरूनच घ्यावे लागते. तळ्याच्या पलीकडच्या काठावरून, सकाळच्या उन्हात, हा तट फार देखणा दिसतो.

तेथून छत्रीबागेत जाता येते. कान्होजी आणि त्यांच्या घराण्यातील व्यक्तींच्या दगडी समाध्या येथे आहेत. त्यांवरचे कोरीव काम नाजूक आणि नेमके आहे. ज्यांनी किल्ल्याचे ओबडधोबड चिरे रचले त्याच परंपरेतील कारागिरांचा हात इथे किती हलका झाला आहे, हे या दोन ठिकाणांची चित्रे शेजारी ठेवली की लक्षात येते.

[दृश्य : बाजारपेठ. पांढऱ्या कांद्याच्या माळा, कांदे गुंफणारे हात.]

उन्हाळ्याच्या तोंडाला बाजारपेठेत जिकडेतिकडे पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. खंडाळे, कार्ले, नेहुली या परिसरात भाताची कापणी झाल्यावर जमिनीतील उरलेल्या ओलाव्यावर हा कांदा घेतला जातो. काढणीनंतर पातीसकट वाळवून तीच पात वेणीसारखी गुंफतात, म्हणजे माळ आढ्याला टांगता येते, हवा खेळती राहते आणि कांदा पावसाळ्यापर्यंत टिकतो. त्याला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि त्याच्या नावावर दुसरेच पांढरे कांदे विकण्याचा उद्योगही जोरात आहे. खरी ओळख म्हणजे सौम्य, गोडसर चव. तो कच्चा खाताना डोळ्यांत पाणी येत नाही.

[दृश्य : इस्रायल आळी, सिनेगॉगची दर्शनी बाजू, आतील बाके आणि दिवे.]

बाजारपेठेच्या जवळच इस्रायल आळी आहे आणि तिच्यात मागेन अबोथ हे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातील ज्यू समाजाचे सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आहे. ते 1848 मध्ये उभारले गेले आणि 1910 मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली. तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवण्याचे पवित्र कपाट जेरुसलेमच्या दिशेला असावे लागते, त्यामुळे कोकणातील सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला उभा राहिलेला माणूस पश्चिमेकडे, म्हणजे अरबी समुद्राकडे तोंड करून उभा असतो.

याच समुद्रातून आपले पूर्वज आले, अशी या समाजाची परंपरा सांगते. अलिबागच्या उत्तरेला नवगावजवळ जहाज फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचा विस्तार पुढे कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील गावागावांत झाला. घाण्यावर तेल काढणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय होता आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावे, मराठी भाषा, मराठीतील कीर्तने आणि स्त्रियांच्या अंगावरची साडी यांमुळे हा समाज बाहेरून वेगळा ओळखू येत नसे. त्यांच्या मलिद्याच्या विधीत तर कोकण पूर्णपणे उतरले आहे : भिजवलेल्या पोह्यांत ओले खोबरे, साखर आणि वेलची कालवून, वर फळे मांडून ताट सजवतात आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे स्मरण करतात. जगातील अन्य ज्यू समाजांत हा विधी आढळत नाही. 1948 मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यावर बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली आणि आळीतील बरीच घरे बंद झाली किंवा विकली गेली.

[दृश्य : झाडांमधून दिसणारे वेधशाळेचे आवार. बैठी इमारत, जाड भिंती.]

किनाऱ्याजवळच्या एका शांत, झाडीने भरलेल्या आवारात असलेली भूचुंबकीय वेधशाळा ही आमच्या मते अलिबागमधील सर्वांत मोलाची वास्तू आहे, जरी समोरून जाणारे पर्यटक तिच्याकडे वळूनही पाहत नाहीत. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1846 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची सलग नोंद होत होती. 1859 च्या सप्टेंबरमध्ये सूर्यावरील उद्रेकामुळे आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद तेथेच झाली आणि त्या वेळी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात मोजलेली घट सुमारे 1600 नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) इतकी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचे ठरले, तेव्हा वेधशाळेपुढे पेच उभा राहिला, कारण रुळांमधून वाहणाऱ्या विजेमुळे नाजूक चुंबकसुया भरकटणार होत्या. कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी पर्यायी जागा म्हणून अलिबाग निवडले. येथे रेल्वे नव्हती, ट्राम येण्याची शक्यता नव्हती, आणि मुंबई समुद्रमार्गे जवळ होती.

इमारत कशाची बांधायची, हा खरा प्रश्न होता. किल्ल्याचा आणि हिराकोटाचा काळा दगड येथे चालणारा नव्हता, कारण त्यात चुंबकीय खनिज असते. जांभ्यातही लोह असते. म्हणून पोरबंदरहून पांढुरका दगड आणवला गेला आणि तोही पारखून वापरला गेला. लाकूड सागवानी घेतले. खिळे, बिजागऱ्या, कड्या अशा ज्या ठिकाणी सुतार एरवी लोखंड वापरतो, त्या सर्व ठिकाणी पितळ आणि तांबे वापरले. तापमान बदलले तरी मोजमाप ढळते, म्हणून उपकरणांच्या खोलीच्या भिंती अशा केल्या की बाहेरचे ऊन आणि गारवा आत सहजी पोहोचू नयेत. अंधाऱ्या खोलीत टांगलेल्या चुंबकाला बारीक आरसा जोडलेला असे. त्यावर पडलेला दिव्याचा किरण परावर्तित होऊन फिरणाऱ्या छायाचित्रण कागदावर एक रेघ उमटवी, आणि चुंबक किंचितही हलला तरी ती रेघ हले.

आमचा कॅमेरा या खोलीपासून दूरच राहिला आहे. त्यातील धातू आणि मोटर येथे पाहुणे म्हणून चालत नाहीत. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि मोजमाप इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी होते. भोवतीचे शहर वाढते आहे आणि वाहनांचे लोखंड जवळ येत आहे.

अलिबागची नोंद 1904 मध्ये सुरू झाली, तरी मूस यांनी कुलाब्याची उपकरणे लगेच बंद केली नाहीत. 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालू ठेवून त्यांनी दोन जागांमधला फरक काढला, आणि 1907 मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागण्यापूर्वी मोजणी पूर्णपणे अलिबागवर सोपवली गेली. त्या दोन वर्षांच्या जोडनोंदीमुळेच आज सकाळी अलिबागमध्ये घेतलेला आकडा 1846 च्या कुलाब्यातील आकड्याशी ताडून पाहता येतो.