ब्लॉगचे मार्क

(ड्रोन शॉट, कुंभारी, सकाळ)

वरून बघितलं की सगळी घरं सारखीच दिसतात. हे गोदूताई विडी घरकुल, सोलापुरातून अक्कलकोट रोडने निघालं की कुंभारीला लागतं, दहा हजार घरांची वसाहत, 2006 ला विडी कामगार बायकांना मिळाली आणि त्यासाठी त्या किती वर्षं मोर्चे काढत होत्या तो वेगळ्या व्हिडिओचा विषय आहे. ड्रोन मित्राचा, तासभरच मिळाला, तेवढ्यात जमलं तेवढं शूट केलं.

यातल्या एका घरातली मुलगी आमच्या वर्गात आहे, बी.ए. दुसरं वर्ष. नाव स्क्रीनवर नको म्हणाली, ब्लॉगवर पण टोपणनावानेच लिहिते, म्हणून आपण नुसतं 'ती' म्हणू.

(कॉम्प्युटर लॅब, की-बोर्डचे क्लोजअप)

ही आमची लॅब. ब्लॉगची भानगड इथेच सुरू झाली. सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं, या पेपरला वहीतली असाइनमेंट नाही, प्रत्येकाने स्वतःचा ब्लॉग उघडायचा, मराठीत, आठवड्याला एक पोस्ट, शिवाय वर्गातल्या दोघांच्या पोस्ट वाचून त्यावर लिहायचं, आणि हे सगळं इंटर्नल मार्कात धरणार. ब्लॉगर का, तर फुकट आहे म्हणून. 1999 चं साधन ते, 2003 ला गुगलने घेतलं, म्हणजे आमच्यातल्या बहुतेकांच्या जन्माआधीचं, आणि आम्ही सगळे रील्सवाले. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ब्लॉग आता कोण वाचतंय?" सर म्हणाले, "तुम्ही वाचणार, मार्क आहेत."

(तिचा बाइट)

"सरळ सांगू का, मला वाटलं सरांना पेपर तपासायचा कंटाळा आलाय."

पहिल्या पोस्ट बघितल्या तर हसू येतं. निम्म्या वर्गाने सिद्धेश्वर तलाव आणि गड्ड्याची यात्रा लिहिली, बाकीच्यांनी चार हुतात्मे, 12 जानेवारी 1931, येरवडा, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, माहिती बरोबर आहे सगळी पण प्रत्येकाची वाक्यं तीच, कारण सगळ्यांनी एकाच ठिकाणून उचललेली. हिने सोलापुरी चादर घेतली. भौगोलिक मानांकन, जकार्ड, मोराची नक्षी, पाच मिनिटात पोस्ट तयार. घरी वडील बरीच वर्षं यंत्रमागावर होते, त्यांना एक प्रश्न विचारला नाही. सरांनी खाली एवढंच लिहिलं, "हे मला माहीत होतं."

त्याचा तिला राग आला. जो कोणी भेटेल त्याला सांगत फिरायची, मोबाइलवर मराठी टाइप करायला किती वेळ जातो माहितीय का सरांना, वर आमच्या घरी तेलुगू, मराठी शाळेत शिकलेली, ण कुठे न कुठे इथेच अर्धा जीव जातो. बोलून टाइप करायचा प्रयत्न केला तर फोन 'विडी'चं 'व्हिडिओ' करायचा. पुढचे काही आठवडे तिने शनिवारी रात्री काहीतरी टाकायचं म्हणून टाकलं. सणांवर, पावसावर. ते आम्ही दाखवत नाही.

(घर. अम्माचे हात, सूप, कात्री. इथे निवेदन थोडं थांबवा, कात्रीचा आवाज येऊ दे)

मग सरांनी नियम बदलला. घरापासून चालत जाता येईल तेवढ्यातलंच लिहायचं आणि नेटवर सापडेल ते लिहायचं नाही. सर कॅमेऱ्यासमोर यायला तयार झाले नाहीत, नाहीतर हे त्यांच्याच तोंडून ऐकवलं असतं.

तिच्या घरापासून चालत अंतरावर काय, तर घरंच, आणि दर दुसऱ्या उंबऱ्यावर सूप घेऊन बसलेली बाई. म्हणून अम्मावर लिहिलं, चार ओळीत, की माझी आई विड्या वळते, सकाळी कारखान्यात देऊन येते आणि छाट गेली की चिडते. झाली पोस्ट. खाली बार्शीकडच्या एका मुलाने विचारलं, छाट म्हणजे काय?

आता हिला वाटलं होतं हे सगळ्या जगाला माहीत असतं. उत्तर लिहायला बसली तर नीट सांगता येईना, म्हणून फोन रेकॉर्डिंगला लावून अम्माशेजारी बसली. हे बघा, ते रेकॉर्डिंग आणि हे हात असं जोडून दाखवतोय. पान आधी भिजवायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं, मऊ पडलं की पत्र्याचं माप ठेवून कात्रीने तेवढंच कापायचं, शिरेचा भाग आला की पान वाया. चिमटीने तंबाखू, वळायचं, दोरा, टोक आत दाबायचं. बोलता बोलता अम्माचा हात थांबत नाही कारण मजुरी हजार विड्यांमागे असते. दुसऱ्या दिवशी मोजणीला गेल्यावर तिथला माणूस ज्या विड्या नापास करून बाजूला काढतो ती छाट, त्याचे पैसे नाहीत. पान खराब निघालं तरी भुर्दंड वळणारीलाच.

अम्मा तेलुगूत सांगत होती, ही मराठीत उतरवत होती, आणि यावेळी शनिवारपर्यंत थांबली नाही. बाजूच्या घरातली मैत्रीण म्हणाली, "काय टाइप करलालीस गं एवढं?" तर हिला बोलायला पण वेळ नव्हता.

ती पोस्ट वर्गात सगळ्यांनी वाचली, मागच्या बाकासकट. प्रश्नावर प्रश्न आले, तंबाखू कोण देतं, मोजणीवाला तक्रार ऐकतो का, तू स्वतः वळतेस का. वळते, सुट्टीत. प्रत्येक प्रश्नाची ती पुढची पोस्ट करत गेली. एकात तिने विडीच्या पाकिटाचा फोटो टाकलाय, 2016 पासून पाकिटाचा 85 टक्के भाग धोक्याच्या इशाऱ्याचा असतो, तो ओढणाऱ्यासाठी, आणि खाली लिहिलंय की वळणारीसाठी कुठे काय छापलंय ते कोणाला दिसलं तर मला सांगा. अम्माचा खोकला पण त्यातच आहे, एका ओळीत.

(लॅब, रिकाम्या खुर्च्या)

यंदा कॉलेजात चर्चा आहे की ब्लॉग बंद करा, परत वही आणा, पोरं चॅटजीपीटीतून उतरवतात. उतरवतात, नाही कोण म्हणतं, आम्ही तर त्याच्या आधीपासून उतरवत होतो. पण वहीतली असाइनमेंट एकटे सर वाचतात आणि ती गठ्ठ्यात जाते, तिथे बार्शीचा मुलगा छाट म्हणजे काय असं विचारायला येत नाही. आणि काल अम्माची किती छाट गेली ते चॅटजीपीटीला विचारून बघा.

(तिचा बाइट)

"आवडतं असं नाही म्हणणार. टायपिंगचा अजून वैताग येतो. पण अर्धवट ठेवलं तर लोक विचारतात ना."

सेमिस्टर संपलं, मार्क आले, बरे आले. ब्लॉग चालू आहे, दर आठवड्याला नाही, परीक्षा असली की महिनाभर काही नसतं. सध्या मोजणीच्या जागेवर लिहायचं चाललंय, आत मोबाइल काढू देत नाहीत म्हणून अम्माला विचारून कोण कुठे बसतं त्याचा नकाशा हाताने काढलाय. लिंक खाली दिलेली नाही, तिने नको सांगितलंय. वर्गाच्या ग्रुपवर आहे, तिथून घ्या.