पक्षाचा रकाना कोरा सोडला तर

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं की पाठोपाठ मतदार नोंदणीचा फॉर्म हातात येतो. नाव, पत्ता, जन्मतारीख भराभर लिहून होतं आणि पेन एका रकान्यापाशी अडतं. पक्ष कोणता? मत कुणाला द्यायचं ते आपल्यापाशीच ठेवायचं, ही आपली जुनी सवय. त्यामुळे बरेच जण हा रकाना कोरा सोडून सही करतात. नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्यामुळे काहीच अडत नाही. अडतं ते प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत.

महाराष्ट्रात तिकीट कुणाला द्यायचं हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. इथे ते बहुतेक वेळा मतदार ठरवतात आणि ती निवडणूक घेते सरकारी यंत्रणा. मग पक्षाचा उमेदवार निवडायला पक्षाचेच लोक हवेत की कुणीही चालेल, हा प्रश्न येतो, आणि प्रत्येक राज्याचं त्यावरचं उत्तर निराळं आहे. एक गैरसमज आधीच काढून टाकू. रकान्यात पक्षाचं नाव लिहिलं म्हणून वर्गणी भरावी लागत नाही, सभांना जावं लागत नाही, आणि नोव्हेंबरमध्ये त्याच पक्षाला मत देण्याचं बंधनही नाही. मात्र ही पक्षनोंद गुप्त नसते. मतदार याद्या पक्षांच्या हाती असतात, त्यामुळे प्रायमरीच्या तोंडावर टपालपेटीत पत्रकांचा ढीग येतो. तुम्ही मत कुणाला दिलं, ते मात्र गुप्तच.

न्यू जर्सीचा नियम नीट समजून घेऊ, कारण एडिसनपासून जर्सी सिटीपर्यंत आपली भरपूर घरं आहेत. रकाना कोरा असेल तर तुम्ही ‘अनअफिलिएटेड’, म्हणजे कुठल्याच पक्षात न नोंदलेले. अशा मतदाराने प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन पक्ष सांगायचा. त्या पक्षाची मतपत्रिका मिळते. पण मत देताच तुमची नोंद त्या पक्षात होते आणि पुढच्या वर्षीही तशीच राहते. इथेच लोक फसतात. यंदा एका पक्षात मत दिलं, पुढच्या प्रायमरीला दुसऱ्या पक्षातला एखादा उमेदवार आवडला, म्हणून केंद्रावर गेलं, तर त्या पक्षाची मतपत्रिका मिळत नाही. नोंद बदलायची तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी पक्षनोंदीचा फॉर्म म्युनिसिपल क्लार्ककडे किंवा काउंटीच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे पोचायला हवा. प्रायमरी २ जूनला असेल, तर शेवटचा दिवस ८ एप्रिल. नवी मतदार नोंदणी २१ दिवस आधीपर्यंत चालते, आणि ही दोन आकड्यांची गल्लतच सगळ्यात जास्त होते. मे महिन्यात ‘अजून मुदत आहे’ असं ऐकलं, तर ती नव्या मतदारांची मुदत आहे, पक्ष बदलणाऱ्यांची नव्हे.

टपालाने मत देणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. पक्षनोंद नसेल तर प्रायमरीची मतपत्रिका आपोआप घरी येत नाही. आधी पक्ष जाहीर करावा लागतो. नोव्हेंबरमध्ये पाकीट येतं, जूनमध्ये का आलं नाही, असं विचारणाऱ्यांच्या घरी बहुतेकदा हेच कारण निघतं. पोस्टाला बोल लावू नये.

हडसन नदी ओलांडली की नियम कडक. न्यूयॉर्कची प्रायमरी बंद आहे. पक्षनोंद नसेल तर आत प्रवेश नाही, आणि केंद्रावर ऐनवेळी पक्ष निवडायची सोयही नाही. आधीच नोंदलेल्या मतदाराने पक्ष बदलण्याचा अर्ज १४ फेब्रुवारीपर्यंत निवडणूक मंडळाकडे पोचायला हवा. १५ फेब्रुवारीला पोचलेला अर्ज फेटाळत नाहीत, पण जूनची प्रायमरी होऊन जाईपर्यंत तो लागू होत नाही. तरी ही सुधारलेली मुदत म्हणायची. पूर्वी ती आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात संपायची. २०१६ च्या एप्रिलमधल्या प्रायमरीत डोनाल्ड ट्रम्प यांच्या इव्हांका आणि एरिक या दोन मुलांनाच वडिलांना मत देता आलं नाही, कारण ऑक्टोबर २०१५ मधली तारीख हुकली होती. केंद्रावर वाद घातला तर ‘ॲफिडेव्हिट बॅलट’, म्हणजे शपथपत्रासह द्यायची मतपत्रिका, भरायला देतात, पण नोंद तपासल्यावर पक्ष जुळला नाही तर ते मत मोजत नाहीत. १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबरची ही लांबलचक मुदत पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरवली होती. एका पक्षाच्या लोकांनी दुसऱ्या पक्षात घुसून कमकुवत उमेदवार निवडून आणू नये, हा त्यामागचा युक्तिवाद. आमच्या मते भीती अगदीच खोटी नाही, पण तिच्यापायी सहा महिने आधी दार लावून घेणं अतीच होतं.

पेनसिल्व्हेनियाही बंद, पण पक्ष बदलायची मुदत प्रायमरीच्या १५ दिवस आधीपर्यंत, त्यामुळे तिथे सावरायला वेळ मिळतो.

कॅलिफोर्नियात खड्डा वेगळाच. राज्यातल्या पदांसाठी आणि काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकी संसदेसाठी, २०१२ पासून सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पहिले दोन पुढे जातात. तिथे पक्षनोंदीचा संबंध नाही. राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरी मात्र पक्षवार होते. पक्ष न लिहिलेल्या मतदाराला मागणी केल्याशिवाय राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार असलेली मतपत्रिका मिळत नाही. २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने अशांना मुभा दिली, रिपब्लिकन पक्षाने नाही. त्यात फॉर्मवर ‘अमेरिकन इंडिपेंडंट’ असं नाव दिसतं. आपण अपक्ष, म्हणून लोक त्यावर खूण करतात. तो स्वतंत्र पक्ष आहे, आणि १९६८ साली त्याचे उमेदवार होते वंशभेदाचे कट्टर समर्थक जॉर्ज वॉलेस! अपक्ष राहायचं तर कुठलाच पक्ष नको असं सांगणारा ‘नो पार्टी’ हाच पर्याय.

टेक्ससमध्ये हा रकानाच नाही. मार्चमध्ये हवी ती प्रायमरी निवडा. पण एकीत मत दिलं की मे महिन्यातल्या फेरमतदानात दुसऱ्या पक्षाकडे जाता येत नाही. मार्चमध्ये गेलाच नसाल, तर मे महिन्यात कुठलीही एक चालते.

ग्रीनकार्डवाल्यांनी यातलं काहीच करू नये. ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर मतदार नोंदणीचा प्रश्न येतो आणि घाईत ‘हो’ म्हटलं जातं. नागरिक नसताना नागरिक असल्याचं लिहून देणं नागरिकत्वाच्या अर्जावर तर बेततंच, देशाबाहेर जायची वेळही येऊ शकते. चुकून नाव लागलंच असेल तर मत देऊ नका, आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

ज्या भागात एकाच पक्षाचं वर्चस्व आहे तिथे खरी लढत प्रायमरीतच होते, म्हणून न्यूयॉर्क किंवा पेनसिल्व्हेनियात रकाना कोरा सोडण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. न्यू जर्सीत तो कोरा राहिला तरी निभावतं. जूनमध्ये मत देऊन पुन्हा अपक्ष व्हायचं असेल, तर पक्षनोंदीच्या त्याच फॉर्मवर ‘अनअफिलिएटेड’वर खूण करून तो परत पाठवा. पुढच्या प्रायमरीच्या आधी ते ५५ दिवस लक्षात ठेवून, आणि शक्यतो उन्हाळ्यातच.