डॉक्टर मीटिंगला येत नाहीत? आधी त्यांची ओपीडी सोडवा

नमस्कार. सोलापुरात चार-सहा डॉक्टर मिळून हॉस्पिटल किंवा पॉलिक्लिनिक चालवत असाल, तर आजचा व्हिडिओ तुमच्यासाठी. भागीदार डॉक्टर असा, अ‍ॅडमिन असा नाहीतर इन्चार्ज सिस्टर. तक्रार सगळीकडे सारखीच ऐकू येते: 'सेवा सुधारायची म्हणून मीटिंग लावली की डॉक्टर येत नाहीत. आले तरी मोबाईलमध्ये डोकं.'

आमचं म्हणणं, मीटिंग लावूच नका. सकाळची ओपीडी ज्याची तीनला संपते, मधे वॉर्डातून चार फोन येतात आणि जेवण राहिलेलं असतं, तो माणूस साडेतीनला तुमच्या स्लाइड कशाला बघेल? आधी त्याचा तास मोकळा करून द्या, मग त्याच्याकडे काही मागा.

सुरुवात मोजण्यापासून. पाच दिवस प्रत्येक केसपेपरला एक चिठ्ठी लावा. तिच्यावर चारच वेळा लिहायच्या: पेशंट कधी आला, नोंदणी कधी झाली, आत कधी गेला, बाहेर कधी आला. सॉफ्टवेअर लागत नाही, भिंतीवरचं घड्याळ आणि पेन पुरे. पाचवी नोंद डॉक्टरची: पहिला पेशंट प्रत्यक्षात किती वाजता आत घेतला. दहाची ओपीडी दहा पस्तीसला सुरू होत असेल, तर ती पस्तीस मिनिटं मागच्या प्रत्येक पेशंटच्या वाट्याला येतात.

[स्क्रीनवर: नवा पेशंट १४ मिनिटं, जुना ६ मिनिटं]

आता उदाहरण घेऊ. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही मोजा. सकाळी दहा ते दोन, ४० पेशंट, त्यातले ८ नवे, ३२ फॉलोअपचे. नव्याला १४ मिनिटं धरली तर ११२ मिनिटं, जुन्याला ६ धरली तर १९२. बेरीज ३०४. तुमच्याकडे वेळ आहे २४० मिनिटांचा. म्हणजे डॉक्टर ठरल्या वेळेला बसला आणि एकदाही उठला नाही, तरी ओपीडी तीनच्या पुढेच जाणार. यात कुणाचा आळस नाही की कुणाचा स्वभाव नाही. गणितच चुकलेलं आहे.

दोन गोष्टींनी ते जुळतं. पहिली, डॉक्टरच्या आधी सिस्टरचं टेबल. वजन, बीपी, शुगर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरून आणलेल्या औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करणं. गोळ्यांची यादी सिस्टरनं केसपेपरवर लिहायची, ब्रँडचं नाव आणि आतलं औषध, दोन्ही. अक्कलकोट, मोहोळ, बार्शीकडून आलेला पेशंट बऱ्याचदा गावातल्या डॉक्टरची एक आणि शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञाची एक, अशा दोन पट्ट्या घेऊन येतो. नावं वेगळी, आत दोन्हीकडे टेल्मिसार्टन हे बीपीचं औषधच. किंवा शुगर कमी करणारं ग्लिमेपिराइड दोनदा, मग पहाटे शुगर उतरते. डॉक्टरला खुर्चीत बसून हे शोधायला वेळ जातो आणि घाईत ते निसटतं.

बीपीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण सिस्टरच्या आकड्यावर डॉक्टरचा विश्वास बसला नाही तर तो पुन्हा घेणार आणि टेबलाचा उपयोग शून्य. पेशंट जिना चढून आला असेल तर पाच मिनिटं बसू द्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला टेबलावर. हात खाली लोंबकळत असेल तर आकडा जास्त येतो, दंडाला कफ, म्हणजे बीपी मशीनचा पट्टा, लहान पडला तरी जास्त येतो. मोठा कफ वेगळा विकत घ्या. आणि मोजताना गप्पा नकोत, सिस्टरच्याही नाहीत.

भाषेचा मुद्दा सोलापुरात टाळून चालत नाही. पूर्व भागातल्या आजींना तेलुगू सोयीची, सीमेकडच्या गावांतून येणाऱ्यांना कन्नड. या टेबलावर शक्यतो तेलुगू किंवा कन्नड येणारी सिस्टर बसवा. 'समजलं का?' असं विचारू नका, उत्तर 'हो'च येतं. 'आता सांगा, ही गोळी कधी घेणार?' असं विचारा.

एवढं नीट बसलं की नव्या पेशंटची १४ मिनिटं ११ वर आणि जुन्याची ६ ची ४ वर येतील, असं धरू. मग एका तासात २ नवे आणि ८ जुने, म्हणजे २२ अधिक ३२, एकूण ५४ मिनिटं. चार तासांत तेच ४० पेशंट, आणि दर तासाला ६ मिनिटं शिल्लक. ती भरू नका! तातडीचा पेशंट आणि वॉर्डचा फोन त्यातच बसतो. तास काठोकाठ भरला की एक लांबलेला पेशंट पुढच्या सगळ्यांना मागे ढकलतो.

दुसरी गोष्ट, टोकनवर तास लिहा. सगळ्यांना 'दहाला या' म्हणायचं आणि दहाला खुर्च्या कमी पडल्या म्हणून ओरडायचं, हे बंद. १९५२ साली इंग्लंडात बेली आणि वेल्च यांनी ओपीडीच्या रांगांवर काम करून साधा नियम मांडला होता: सुरुवातीला दोन पेशंट बोलवा, पुढे सरासरी तपासणीला लागतो तेवढ्या अंतरानं एकेक. आपल्याकडे मिनिटाची वेळ कोण पाळणार, म्हणून 'अकरा ते बारा' असा गट पुरतो. एसटीनं येणाऱ्यांना मधले तास द्या. शहरातल्यांना, विशेषतः विडी कामगार बायकांना, कुठला तास जमतो ते विचारून द्या. नुसते रिपोर्ट दाखवायला आलेल्यांना पूर्ण रांगेत बसवू नका.

आता डॉक्टरांकडे येऊ. प्रत्येकाला एकेकटं भेटा, वीस मिनिटं, त्याच्याच केबिनमध्ये. प्रश्न एकच: 'दिवसभरात तुमचा वेळ फुकट कशात जातो?' उत्तरं मोठी नसतात. प्रिंटर अडकतो. लॅबचा रिपोर्ट दुपारी एकला येतो. तोच फॉर्म तीनदा सही करावा लागतो. एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, मधेच आत शिरतात. यादी लिहून घ्या, त्यातली एक गोष्ट दोन आठवड्यांत खरोखर मिटवा आणि मिटली म्हणून त्याला कळवा. मिटवता येणारच नसेल तर तेही सरळ सांगा. यादी घेऊन गप्प बसलात तर पुढच्या वेळी केबिनचं दार बंद मिळेल.

पुढाकार कुणाला द्यायचा? मालकाला नको आणि सगळ्यात ज्युनिअरला तर अजिबात नको. ज्याची ओपीडी सगळ्यात भरलेली आणि जो सगळ्यात जास्त शंका काढतो, त्याला द्या. सिस्टरच्या टेबलाची चेकलिस्ट त्यालाच खोडू द्या, लिहू द्या. आठवड्याला दोन तास त्याच्या वेळापत्रकातून मोकळे करा आणि त्याचे पैसे द्या. फुकटच्या कामाला दोन महिन्यांत गळती लागते.

मग आकडे दाखवा. दर डॉक्टरमागे मधुमेहाचे २० केसपेपर, चिठ्ठ्या टाकून निवडलेले. दोनच प्रश्न: गेल्या सहा महिन्यांत एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) झालं का, आणि वर्षभरात पाय मोनोफिलामेंटनं (पायाची संवेदना बघायचा नायलॉनचा धागा) तपासले का. पहिले तीन महिने ज्याचा आकडा त्यालाच, बंद पाकिटात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नावानिशी टाकलात तर पुढच्या महिन्यापासून केसपेपरवर टिकमार्क वाढतील, तपासण्या नाही. आणि २० मध्ये एकाचे ११, दुसऱ्याचे १३ आले तर तो फरक नाही, नुसता योगायोग असू शकतो. एकाच डॉक्टरचा आकडा महिन्यामागून महिना कुठे सरकतो, ते बघा.

डिस्चार्जचं थोडक्यात. उद्या कोण घरी जाणार ते आज संध्याकाळच्या राऊंडला ठरवा. आरएमओनं (निवासी डॉक्टरनं) डिस्चार्ज कार्डाचा मसुदा रात्रीच करायचा, उरलेली औषधं सकाळी लवकर मेडिकलला परत. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार विमा कंपनीनं डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांच्या आत द्यायची असते. पण ते तीन तास तुमची मागणी पोचल्यावर सुरू होतात. बिल दुपारी एकला पाठवून टीपीएच्या (विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही.

राहिला पैशाचा विषय. कमाईचा वाटा निव्वळ पेशंटच्या संख्येवर असेल, तर कुठलाही डॉक्टर आपला पेशंट दुसऱ्याकडे सोडणार नाही आणि नव्या पेशंटला ११ मिनिटंही देणार नाही. ठरावीक रक्कम मोठी आणि संख्येवरचा भाग लहान ठेवा. पेशंट पाठवल्याबद्दल टक्का हा प्रकार मात्र मांडणीतही आणू नका. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत रेफरलचं कमिशन देणं आणि घेणं, दोन्हीला मनाई आहे. वाट्याची ही दुरुस्ती भागीदारीच्या करारातच करावी लागते, त्यामुळे मार्चच्या आधी सीएला सोबत घेऊन बसा.