सह्याद्रीचा वायू, सीमोरचे शिंपले

आधी हा दगड रांगांमधून फिरवा. खंडाळ्याच्या घाटात रस्त्याकडेला मिळाला. अंगावर भोकं आहेत ना? लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे. आज बोलायचंय अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या सीमोर बेटावर, पण हा दगड शेवटी लागणार आहे.

अर्जेंटिनाचे लोक या बेटाला मारांबिओ म्हणतात. तिथे बर्फ फारसा टिकत नाही, म्हणून क्रिटेशस काळाच्या, म्हणजे डायनासोरांच्या युगाच्या अखेरीचा समुद्रतळ उघडाच पडलाय. त्या थरांना लोपेझ दे बेर्तोदानो शैलसमूह म्हणतात. 1892 साली देवमाशांच्या शोधात आलेला नॉर्वेचा कप्तान लार्सन तिथून दगड झालेले शिंपले घेऊन गेला. अंटार्क्टिकातल्या पहिल्यावहिल्या जीवाश्मांपैकी ते. लाहिलिया लार्सेनी हा शिंपला त्याच्याच नावाचा.

आता माझी आवडती गोष्ट. 2011 साली चिलीच्या संशोधकांना इथे एक सुरकुतलेला दगड सापडला, हवा गेलेल्या फुटबॉलसारखा. सँतियागोच्या संग्रहालयात तो कित्येक वर्षं तसाच होता. कशाचा, ते उमगेना. सगळे नुसतं ‘ती वस्तू’ म्हणायचे. 2018 मध्ये पाहुण्या आलेल्या जीवाश्मतज्ज्ञ ज्युलिया क्लार्क यांनी तो पाहिला आणि म्हणाल्या, हे चेपलेलं अंडं असेल. निघालंही अंडंच! जवळजवळ फूटभर लांब, मऊ कवचाचं, बहुधा मोसासॉरसारख्या सागरी सरड्याचं. सात वर्षांनीही ते कुणाचं असावं याचा अंदाज बांधता आला, कारण कुठल्या थरातून आणलं याची नोंद होती. विद्यार्थी असताना मी एका संग्रहालयात आपल्या दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या गोगलगायींचे जीवाश्म बघायला गेलो होतो. पेटीवर गावाचं नाव नाही, सांगायला माणूस नाही. गाव हरवलं की जीवाश्म मुका होतो. ते अजून मनातून जात नाही.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मग मुद्द्यावरच येतो.

शिंपला वाढताना पाण्याचं तापमान कवचात नोंदलं जातं. पाणी थंड असेल, तर जड कार्बन आणि जड ऑक्सिजनचे अणू एकमेकांशी जास्त जोडले जातात. सिएरा पीटरसन आणि सहकाऱ्यांनी 2016 साली सीमोरचे शिंपले असे तपासले. दख्खनचा लाव्हा, म्हणजे तुमच्या हातातला हाच दगड, उसळू लागला आणि हवा तापवणारे वायू सुटू लागले, त्या सुमारास तिथलं पाणी जवळपास 8 अंशांनी तापलेलं दिसलं. तिथल्या शिंपल्यांसारख्या मृदुकाय प्राण्यांच्या 24 पैकी 10 प्रजाती त्या टप्प्यात संपल्या, उरलेल्या 14 उल्कापाताच्या वेळी, 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी.

त्याच वर्षी, ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या त्याच नियतकालिकात, जेम्स विट्स यांच्या गटाने याच बेटावरचे 6,000हून जास्त जीवाश्म मोजून सांगितलं की ऱ्हास एकदमच झाला, आधी काही ओसरत नव्हतं. वाद उघडा आहे. मला शिंपल्यांतलं तापमान पटतं. मोजणीला उत्तर मात्र द्यावंच लागेल.

दगड कुठल्या रांगेत पोचला? एखाद्या भोकावर बोट ठेवा. यातून सुटलेला वायू त्या समुद्रापर्यंत पोचला होता, असं मी म्हणतोय.