सुलतान मागच्या रांगेत

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापूरहून विजापूर जेमतेम शंभर किलोमीटर. आपली मंडळी जातात, गोल घुमटाच्या सज्जात चढतात, एकमेकांच्या नावानं हाका मारतात, प्रतिध्वनी मोजतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येतात. पहिल्या खेपेला मीही तेच केलं. आज मात्र तुम्हाला न्यायचंय गावाच्या पश्चिमेला, कोटाबाहेर, इब्राहिम रोजाला.

दुसरा इब्राहिम आदिलशहा १६२७ साली गेला, शिवरायांच्या जन्माच्या तीन वर्षं आधी. ही वास्तू मुळात त्याच्या बेगमेसाठी, ताज सुलतानासाठी योजलेली. पुढं तोही तिथंच विसावला. बांधकाम पाहिलं मलिक संदलनं. आपण ज्याला रोजा म्हणतो तो मूळ अरबी शब्द रौजा, म्हणजे बाग. कुराणातला स्वर्ग बागेचाच आहे, खालून झरे वाहणारा. म्हणून इथं एका उंच चौथऱ्यावर दोन इमारती समोरासमोर, आणि मध्ये हौद नि कारंजं. पूर्वेला मकबरा, पश्चिमेला मशीद. दिशा तेवढ्या ध्यानात ठेवा.

आधी मकबऱ्यापाशी थांबू. दगड आपलाच, दख्खनचा काळा कातळ. ज्यातून आपण जाती आणि पाटे घडवले, त्याच दगडात इथं अरबी अक्षरं कोरलीत. भिंतींवर ती उठावात आहेतच, पण खिडक्यांपाशी खरी करामत. तिथं जाळीच अक्षरांची! मधला दगड आरपार कापून काढलाय, अक्षर तेवढं शिल्लक ठेवलंय. आत अंधारात उभं राहून बाहेर पाहिलं, की काळ्या अक्षरांच्या फटीफटींतून ऊन आत येतं. ‘अल्लाह आकाशांचा आणि पृथ्वीचा प्रकाश आहे’ असं कुराणाच्या चोविसाव्या अध्यायात म्हटलंय. तीच आयत इथं कोरलीय असा माझा दावा नाही. पण वचनातून उजेड यावा, ही कल्पना पाथरवटाच्या छिन्नीपर्यंत पोचली होती एवढं नक्की.

इस्लामला चित्रांचं वावडं, असं आपण सरसकट म्हणून टाकतो. खुद्द या इब्राहिमाची दरबारी चित्रं जगभरच्या संग्रहालयांत आहेत! हातात चिपळ्यांसारखं वाद्य घेतलेला, गळ्यात रुद्राक्ष घातलेला सुलतान त्यांत दिसतो. चित्र दरबारात चालायचं. प्रार्थनेच्या जागी नाही. तिथं मूर्तीची जागा अक्षरानं घेतली, आणि सुलेखन ही सगळ्यांत मानाची कला ठरली.

आता हौद ओलांडून मशिदीत या. आपल्याला देवळात शिरल्यावर गाभाऱ्यात डोकवायची सवय. इथं नजर पश्चिमेच्या भिंतीतल्या मेहराबीवर जाते, म्हणजे कमानीच्या कोनाड्यावर. आणि कोनाडा रिकामा! पहिल्यांदा पाहणारा बिचकतो, काही चोरीला गेलं की काय. पण तो रिकामाच असायचा. मेहराब पूजायची नसते; मक्का कुठल्या बाजूला आहे, एवढंच ती सांगते. त्या दिशेला म्हणतात किब्ला. दिल्लीच्या मशिदीतही पश्चिम, विजापूरच्याही. मोरोक्कोत मात्र हीच भिंत पूर्वेकडे सापडेल.

आता त्या दिशा आठवा. मशीद पश्चिमेला, मकबरा पूर्वेला. मशिदीत नमाजाला उभा राहणारा पखालवाला असो की सरदार, त्याची पाठ सुलतानाच्या कबरीकडे होते. एवढा खर्च, एवढी कलाकुसर, चार कोपऱ्यांना चार मिनार, आणि प्रार्थनेच्या वेळी त्या सगळ्याकडे पाठ! ही चूक नव्हे. कबरीला सजदा, म्हणजे जमिनीला कपाळ टेकून नमन, करायचा नाही, ही शिकवण मांडणीतच बांधून टाकलीय.

आणि कबरी? त्या उत्तर-दक्षिण. मुस्लिम रिवाजात देह उजव्या कुशीवर ठेवतात, तोंड किब्ल्याकडे. म्हणजे मशिदीतला नमाजी आणि मकबऱ्यातला इब्राहिम, दोघांचीही तोंडं पश्चिमेला. फक्त सुलतान मागच्या रांगेत.