इ.स. 525: एकच वर्ष, अनेक गणना

इ.स. 525 मध्ये रोममध्ये राहणारा डायोनिसियस एक्झिगस हा भिक्षू ईस्टरच्या तारखांचे कोष्टक तयार करत होता. ख्रिस्ताच्या अवतारापासून चालू वर्ष कितवे, हे काढण्याची त्याची रीत अशी होती: पंधरा गुणिले चौतीस म्हणजे 510, त्यात नेहमी 12 मिळवायचे, शेवटी त्या वर्षाचा इंडिक्शन क्रमांक (पंधरा वर्षांच्या करचक्रातील त्याचे स्थान), म्हणजे 3, मिळवायचा, उत्तर 525.

व्यवहारात मात्र हा आकडा रूढ नव्हता. रोमच्या दस्तऐवजांत ते कॉन्सल प्रोबसचे वर्ष होते; तिथे वर्षाला त्या वर्षीच्या कॉन्सल या उच्चाधिकाऱ्याचे नाव देत. अलेक्झांड्रियाची जुनी कोष्टके डायोक्लेशियन सम्राटाच्या राज्यारोहणापासून, म्हणजे 284 पासून, वर्षे मोजत आणि त्यांच्या हिशेबाने ऑगस्टअखेरपर्यंत 241 वे वर्ष चालू होते. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या सम्राटाची स्मृती आपल्या कोष्टकात टिकवायची नाही, असे डायोनिसियसने स्पष्ट लिहिले. इजिप्तच्या ख्रिस्ती समाजाने वेगळी वाट धरली: तेच आकडे कायम ठेवून पुढे त्या गणनेला हुतात्म्यांचा शक म्हटले. कॉप्टिक चर्च आजही तो वापरते.

इंडिक्शन हे मुळात करआकारणीचे पंधरा वर्षांचे चक्र. पंधरावे वर्ष सरले की पुन्हा पहिले सुरू होई, पण चक्र कितवे हे लिहिण्याची पद्धत नव्हती. त्यामुळे इजिप्तमधील एखाद्या पपायरसवर केवळ ‘तिसरे इंडिक्शन’ एवढेच असेल, तर तो 510 चा, 525 चा की 540 चा, हे हस्ताक्षरावरून आणि त्यात आलेल्या अधिकाऱ्यांच्या नावांवरून ठरवावे लागते. अभ्यासकांची खरी कसोटी इथेच लागते.

भारतात त्या वर्षीच्या चैत्रापासून शके 447 सुरू झाले. वराहमिहिराच्या ‘पंचसिद्धान्तिके’तील गणिताचा आरंभ शके 427 चा आहे, आणि मराठी पंचांगावर आज छापला जाणारा शकही तोच.

सीरियन जगात सेल्युकसचा, म्हणजे अलेक्झांडरच्या त्या सेनापतीच्या नावाचा, शक चाले. आजच्या तुर्कस्तानातील उर्फा म्हणजे तेव्हाचे एडेसा. तेथील दैसान नदीला एप्रिल 525 मध्ये आलेल्या विनाशक महापुराची नोंद 836 या वर्षाखाली आहे. हे वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होई; म्हणून एप्रिलच्या घटनेसाठी 836 मधून 311 वजा करायचे, पण त्याच वर्षातील नोव्हेंबरच्या घटनेसाठी 312 वजा करून 524 धरायचे.